धुईतली हाक

लग्न होऊन मी या गावात आले ती ऐन थंडीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलं, तर बाहेर एक बाई गळा फाडून कुणाला तरी शिव्या घालत होती.

"अय मन्साराम, मेल्या, कुकडं भटकून राहिला गा? जावई येऊन बसला तुझ्या घरी. तू नाई आला तं आमी नेतो त्याले जेवाले."

मग थोडा वेळ गप्प. मग पुन्हा, "दामोधर, बहिरा झाला का रे? हाव म्हन ना."

मी मनात म्हटलं, झालं, बाबांनी बरोबर भांडखोरांच्या गावात दिलं. उठून सासूला विचारलं, कसलं भांडण सुरू आहे? सासू चूल फुंकत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "भांडन कायचं व? फुलवंता हाय. धुई पडली ना, डोंगे बलावून राहिली."

आमचं घर तलावाच्या पाळीला लागून. पाळ म्हणजे मातीचा बांध, पिढ्यान् पिढ्या जुना, वर चिंचेची झाडं. एका बाजूला धानाच्या बांध्या, समोर पाणी आणि पाण्यापलीकडे डोंगरी. दिवाळी सरली की संक्रांतीपर्यंत अशी धुई पडते की पाळीवर उभं राहिलं तर आपलेच पाय दिसत नाहीत. पुस्तकात त्याला धुकं म्हणतात. ढिवरटोली ही मासेमारांची वस्ती, तिथली माणसं आदल्या संध्याकाळी टाकलेली जाळी काढायला पहाटे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, घेऊन पाण्यात जातात. जाताना आभाळ स्वच्छ असतं. जाळी काढेपर्यंत धुई पाण्यावर बसते, आणि मग पाळ कुठे, डोंगरी कुठे, काही कळत नाही. डोंगरीच्या अंगाला पाणवेली आणि गाळ. डोंगा तिकडे शिरला की अडकला, आणि थंडीत कमरेएवढ्या गाळात उतरून तो ढकलणं म्हणजे मरणच. म्हणून पाळीवर उभं राहून कुणीतरी हाक मारायची आणि हाकेच्या दिशेनं डोंगा वल्हवायचा, एवढी साधी गोष्ट. ते काम फुलवंता मावशीचं होतं. तिला कुणी नेमलं नव्हतं, आणि काढायची तर कुणाची छाती नव्हती.

आता कुणी म्हणेल, हाक काय, कुणीही मारेल. तर तसं नाही. गडी पाण्यात, गावच्या लेकी सासरी, पाळीवर उरतात त्या सुना, आणि आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मोठ्या दिराचं घेत नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही. आणि तलावावर जाणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या नात्यानं सासराच लागतो. फुलवंता मावशीला ही अडचण नव्हती. ती याच गावची लेक. तिच्या बापानं घरजावई आणला, त्यामुळे ती कुठे सासरी गेलीच नाही. तलावावरचे सगळे तिचे भाऊ, काका नाहीतर भाचे. सगळ्यांना अरे-तुरे, सगळ्यांना मेल्या.

आणि नुसतं नाव घेऊन थांबली तर ती फुलवंता कसली? प्रत्येकाच्या नावामागे ती घरची बातमी जोडायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची बायको रुसली, कुणाची सासू मंडईच्या जत्रेला आली ती अजून जायचं नाव घेत नाही, हे सगळं आम्हाला पाळीवरून कळायचं. पाण्यातली माणसं लाजेनं जोरजोरात वल्ही मारत यायची. मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, लोकांच्या घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर कशाला?" तर म्हणाली, "नुसतं नाव घेतलं तं तो आरामात येते, पवनीवाली. चुगली केली का मंग पयत येते."

पवनीवाली म्हणजे मी. माझं माहेर पवनीचं, म्हणून. मी या गावच्या अंगणवाडीत लागले, बाकीचे मला बाई म्हणायला लागले, पण तिच्या तोंडी मी शेवटपर्यंत पवनीवालीच राहिले.

फुलवंता मावशी बुटकी, अंगानं भरलेली. लुगड्याचा काष्टा मारलेला, वरून मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर आणि त्याचीच माकडटोपी. हाक मारताना एक हात कमरेवर, एक कानावर. गंमत म्हणजे पाळीवरून उतरली की तिचा आवाज एकदम खाली यायचा. घरात इतकं हळू बोलायची की पुढे झुकून ऐकावं लागे. मी विचारलं तर म्हणाली, "घरात कोनाले बलावू? सारे अथीच तं हाय."

पाळीवर ती शेकोटी पेटवायची. तिथं तिचा एकच कायदा. येणाऱ्यानं मूठभर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, नाहीतर एखादं लाकूड आणायचं, मगच बसायचं. एकदा सरपंच हात चोळत आले आणि बसायला लागले. ही म्हणाली, "सरपंचभाऊ, हात हालवत आले, हालवत जा." सगळे खो खो हसले. सरपंच बिचारे मागे गेले आणि कुणाच्या तरी कुंपणाची काटकी मोडून घेऊन आले. ज्याचं कुंपण होतं तो तिथंच शेकत बसला होता, मग त्याच्यावरून अर्धा तास नवीन तमाशा.

मधल्या काळात गावातल्या पोरांच्या डोक्यात आलं की बाई ओरडते हे काही बरं दिसत नाही, देवळाचा भोंगा आहे ना. प्रत्येकाजवळ मोबाईल होता, पण मोबाईलवर आवाज येतो, आवाजाची दिशा येत नाही. म्हणून भोंगा. एका सकाळी पोरांनी भोंगा पाळीकडे फिरवला आणि जोरात भजन लावलं. झालं काय, तो एवढा मोठा आवाज डोंगरीवर आपटून परत यायला लागला. इकडूनही भजन, तिकडूनही भजन. निम्मे डोंगे डोंगरीकडे गेले आणि पाणवेलीत फसले. फुलवंता मावशी त्या दिवशी रुसून शेकोटीपाशी बसली होती. माणसं दुपारी गाळानं भरून कुडकुडत आली तेव्हा तिनं चहा मांडला आणि प्रत्येकाला हातात कप देताना विचारलं, "झालं का भजन?" तिची हाक छोटी असायची. हाक मारायची आणि थांबायची. डोंगरीनं परत दिलेला आवाज विरला की मग पुढची. ती गप्प का राहायची ते मला त्या दिवशी कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. टाळत होते, पण सांगावी लागेलच.

डोंग्यातून उतरलेला प्रत्येक माणूस तिच्या हातावर काहीतरी ठेवायचा. मासळी द्यावी तर ती तिच्या घरीही होती. तिचा मुलगा विलास स्वतः तलावावर जायचा. सुरुवातीला म्हणे कुणी गुळाचा खडा द्यायचा, कुणी बिडी. मग खर्रा आला. आमच्या भागात खर्रा काय आहे ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरून बसायचं. तोंड गरम राहतं, भूक मरते, थंडी वाजत नाही, असं सगळे म्हणतात. तर प्रत्येक जण उतरला की खिशातून पन्नी काढून तिच्या हातावर ठेवायचा. घे फुलवंता. तीही हात पुढेच धरून उभी असायची. ज्यानं दिला नाही त्याची दुसऱ्या दिवशी पाळीवरून काय शोभा व्हायची ते देवालाच ठाऊक.

"माहा कोट हाय हा," ती गालावर बोट ठेवून म्हणायची. "तुमाले स्वेटर लागते, मले हा लागते."

कुणी तिचं वाईट चिंतलं नाही हो. उलट सगळ्या गावाला तिची माया. जिच्या गळ्यानं आपण घरी येतो तिला रिकामं कसं ठेवायचं? गावाजवळ द्यायला जे होतं ते गावानं दिलं, आणि रोज दिलं.

मंडईचे दिवस होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटक होतं, घरात पाहुणे मावत नाहीत. मी फुलवंता मावशीला जेवायला बोलावलं होतं. झिंग्यांची भाजी केली होती, तिखट, तिला आवडते तशी. बघते तर ही एकेक झिंगा उचलून पाण्याच्या गिलासात बुडवून खात होती. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाली, "तिखट लागून राहिलं व." जी बाई हिरवी मिरची मिठाशी खायची, तिला तिखट लागत होतं. अंगणवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला तोंडाच्या कॅन्सरची ही खूण शिकवली होती. मी जेवण बाजूला सारलं आणि म्हटलं, तोंड उघड. तिनं उघडलं, ते किती तर, जिथं तीन बोटं सहज जायला हवीत तिथं एक बोट जेमतेम जाईल. आत गालावर पांढरा पट्टा आणि एका कडेला न भरलेली जखम.

"कधीपासून आहे हे?"

"पोळ्यापासून असंन."

भंडाऱ्याला चल, उद्याच चल, असं मी म्हटलं. ती गिलासातलं पाणी बघत बसली. मग म्हणाली, "धुई सरू दे. संक्रांत झाली का येतो."

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, "डोंगे गेले खड्ड्यात. तुझा जीव मोठा की डोंगे मोठे?"

"डोंग्यात माहा विलास हाय," ती म्हणाली. "हाक कोन मारंन? तू?"

मी सून. मंदाही सून, विलासची बायको. तरीपण मी मंदाला घेऊन दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. पोरगी हुशार, आवाजही बरा. पदर डोक्यावर ओढून उभी राहिली आणि तिच्या तोंडून नावच निघेना. शेवटी सगळ्यांनाच सासरा धरून डोळे मिटून ओरडली, "ओ मामाजी, या वो." तलावातून सगळ्यांनी एकदम हाव म्हटलं. कोण कुठे आहे, कोण कुणीकडे वळला, काही कळेना. दोन डोंगे एकमेकांवर आदळले. मंदा रडायला लागली. मागून फुलवंता मावशी आली, तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं, आणि गालातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवून हाक मारली. हाक मारताना तिनं डोळे घट्ट मिटले. ते फक्त मला दिसलं.

मी तिच्या हातापाया पडले. विलासला बोलले. तलावावरच्या प्रत्येक माणसाच्या घरी जाऊन सांगितलं की हिला दवाखान्यात न्यायचंय, चार दिवस डोंगे सकाळी उशिरा काढा, आणि देवासाठी तिला खर्रा देऊ नका. सगळे हो म्हणाले. मन्सारामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर हाय बाई, नेलंच पायजे." दुसऱ्या दिवशी तेच मन्सारामभाऊ डोंग्यातून उतरले आणि त्यांचा हात आपोआप खिशात गेला. माणसाला राग तरी किती येणार?

संक्रांत झाली. तिनं शब्द पाळला. तिळगुळाच्या दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून स्वतःच माझ्या दारात उभी राहिली. भंडाऱ्याला गेलो. त्यांनी नागपूरला पाठवलं. नागपूरचा डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं सगळं तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "थोडं आधी यायला हवं होतं." त्याला काय सांगणार? आमच्याकडे धुई पडते, असं? मी मान हलवली.

अर्धा जबडा काढला, जिभेचाही बराच भाग गेला. विलासनं तिची इतकी सेवा केली की वॉर्डातल्या बाया त्याच्याकडे बघत राहायच्या. तिला उचलून बसवायचा, नळीतून दूध द्यायचा, केस विंचरायचा. आणि मधूनच गेटबाहेर जाऊन गाल भरून यायचा. मी एकदा पकडलं. "विलास, अरे आईकडे बघून तरी."

"काकू, तिच्याकडं पायतो म्हनूनच खातो," तो म्हणाला. "त्याच्याबिगर धीर धरवत नाई."

ती घरी आली. आवाज गेला होता. नुसता हुंकार यायचा, तोही मंदालाच समजायचा. पातळ पेज, दूध, तेवढ्यावर राहिली. आम्हाला वाटलं, आता ही पाळीकडे बघून रडेल. तसं काही झालं नाही. डोंग्यांचं तिनं मनातून काढून टाकलं होतं. तिला आता एकच हवं होतं. विलास समोर आला की ती त्याच्या गालाकडे बोट करायची. जेवताना, चहा घेताना, तो झोपला असला तरी उशाशी बसून गालाकडे बघायची. मी त्याचं तोंड तपासलं. दोन बोटं कशीबशी गेली. "काकू, तुमची बोटंच जाडी हाय," म्हणून तो हसला. तिच्या पायावर हात ठेवून त्यानं सोडायची शपथ घेतली. काही दिवस पाळलीही. चिडचिड करायचा, मंदावर ओरडायचा, पण पाळली. मग जाळी फाटली, दिवस वाईट गेला, आणि पुन्हा सुरू. पाळीच्या टोकाशी पानठेला आहे. खर्र्याला बंदी आहे म्हणतात. बंदी कशी दिसते ते मी अजून पाहिलं नाही.

पुढची थंडी आली. आता डोंगे धुईच्या आधी जात नव्हते. माणसं पाळीवर येऊन शेकोटीभोवती बसायची आणि ऊन पडायची वाट बघायची. वाट बघताना करणार काय? पन्नी काढायची आणि घोटत बसायचं. पूर्वीपेक्षा जास्तच चालायचं. मला ते सगळं समोर दिसत होतं आणि माझ्या हातात काही म्हणता काही नव्हतं. अंगणवाडीत पोरांकडून हात धुवा म्हणवून घेत होते, आणि त्यांचे बाप पाळीवर बसलेले.

होळीच्या आत ती गेली. पण तिची आठवण निघाली की मला तिचं आजारपण आठवत नाही, मयत आठवत नाही. त्या थंडीतली एक सकाळ आठवते.

धुई गच्च होती. मी अंगणवाडीत जायला निघाले तर फुलवंता मावशी पाळ चढत होती. मंदा मागून धावत होती, "आत्या, कुकडं जाऊन राहिल्या, थंडी हाय." तिनं ऐकलं नाही. दुपट्ट्यानं खालचं अर्धं तोंड बांधलेलं, अंगावर तोच स्वेटर, आता ढगळ झालेला. शेकोटीभोवतीची माणसं तिला बघून उठून उभी राहिली. ती मन्सारामभाऊंसमोर गेली आणि हात पसरला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मन्सारामभाऊंना वाटलं, हिला हवाय. ते माझ्याकडे बघून पुटपुटले, "देऊ का जी बाई?" मी काही बोलण्याआधी तिनं त्यांच्या खिशाकडे बोट केलं. त्यांनी पन्नी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती शेकोटीत टाकली. मग दामोधरभाऊ, मग त्यांच्या पुढचा. प्रत्येकासमोर हात. कुणी नाही म्हटलं नाही. एकेकानं दिली, तिनं एकेक जाळली. प्लास्टिकचा घाण वास सुटला. मला माहीत होतं, ऊन पडलं की हेच लोक पानठेल्यावर जाणार. तिलाही माहीत असणार, ती काही खुळी नव्हती.

शेवटी विलास. त्यानं न सांगता खिशातली पन्नी काढून दिली. तिनं ती जाळली आणि पुन्हा त्याच्यासमोर आली. या वेळी हात खिशाकडे नेला नाही. त्याच्या हनुवटीखाली धरला. लहान लेकरानं माती तोंडात घातली की आई धरते ना, थूक म्हणून, तसा.

त्याचा गाल फुगलेला होता. त्यानं मान फिरवली. हात तिकडे गेला. त्यानं पुन्हा फिरवली, हात पुन्हा गेला. चारचौघांत, बायकोसमोर, एवढा बाप्या माणूस. तो लाल झाला. मला वाटलं, आता थुंकेल. मंदालाही वाटलं, तिनं माझा हात घट्ट धरला होता. फुलवंता मावशी त्याच्याकडे वर बघत होती, आणि थूक एवढा एक शब्द तिला म्हणता येत नव्हता.

विलासनं गिळून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, ठसका लागला.

"पाय ना," तो म्हणाला, "काईच नाई आई, पाय." आणि त्यानं तिला तोंड उघडून दाखवलं, उघडत होतं तेवढं.